रेतीच्या पोटातलं पाणी

सुरतेहून आले म्हटल्यावर सांगलीत प्रत्येकीनं पहिला प्रश्न साड्यांचाच विचारला. त्यांची चूक नाही. सुरतेला गेलेली बाई रिकाम्या हातानं परत येते हे कुणाला खरंच वाटत नाही. मी सहा दिवस राहिले, एकही साडी आणली नाही, उलट नेलेल्या चारांपैकी एक तिथेच टाकून आले. तिच्या काठाला ओलं काँक्रीट लागलं होतं आणि सकाळपर्यंत काठ असा कडक झाला की साडी जमिनीवर आपली आपण उभी राहिली असती. एकतीस वर्षं काँक्रीटच्या चाचण्या घेतलेल्या बाईला त्यातून चालताना साडी वर उचलावी एवढं सुचू नये, यावरून माझ्या हुशारीचा अंदाज यावा.

नितीन हा माझा जुना विद्यार्थी. मूळचा सुरतेतल्याच मराठी कुटुंबातला, शिकायला सांगलीला आला होता. आता पलसाण्याच्या रस्त्यावर एक रेडीमिक्सचा प्लांट सांभाळतो. तिथं खडी, रेती, सिमेंट आणि पाणी मोजून मोठ्या मिक्सरमध्ये घोटतात आणि पाठीवर पिंप फिरवत जाणाऱ्या ट्रकांतून तयार काँक्रीट बांधकामांवर पोचवतात. जानेवारीत त्याचा फोन आला की मॅडम, ठोकळे कधी पास, कधी नापास, काही मेळच लागत नाही, तुम्ही एकदा येऊन बघा.

ठोकळे म्हणजे काँक्रीटची परीक्षा. ओतायच्या मालातलाच थोडा लोखंडी साच्यात भरायचा, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग यंत्राखाली दाबून फोडायचा. किती दाबाला फुटला तो आकडा म्हणजे त्याचे मार्क. कमी मार्कांची मला फारशी भीती वाटत नाही. रोज सारखेच कमी पडत असतील तर कारण सापडतं आणि दुरुस्ती होते. आज पासष्ट, उद्या पस्तीस, परवा पुन्हा साठ असं चाललं की माझी झोप उडते, कारण अशा मालाच्या स्लॅबखाली माणसं राहणार असतात आणि आपल्या डोक्यावर नेमका कोणत्या दिवसाचा माल आहे हे त्यांना कधीच कळत नाही.

सोमवार, पलसाण्याचा रस्ता

कडोदऱ्याच्या चौकातून पुढे निघालं की दोन्ही बाजूंना कापडाच्या गिरण्या लागतात आणि हवेला रंगाच्या हौदांचा आंबूस वास येतो. नितीन मला न्यायला आला होता. अर्धा वेळ तो फोनवर गुजरातीत बोलत होता, आणि फोन ठेवून माझ्याशी बोलायचा तेव्हाही वाक्याच्या शेवटी "बराबर ने?" यायचंच. मी एकदा त्याला म्हटलं, की नितीन, सांगलीत तू असं बोलला असतास तर तोंडी परीक्षेत गेला असतास. तो हसला, पण फार नाही. त्याच्या मनात काहीतरी होतं, आणि प्लांटच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन त्यानं ते सांगितलं.

प्लांटवर हिलाल आप्पा नावाचे एक ऑपरेटर होते. मिक्सरवरच्या केबिनमध्ये बसून कशात किती जायचं ते चालवणारा तो ऑपरेटर. माणूस धुळ्याकडचा, वय चोपन्न, दहा वर्षं याच केबिनमध्ये. सगळे आकडे त्यांच्याकडे बोट दाखवत होते. ते रविवारी सुट्टीवर असतात, आणि रविवारचे ठोकळे चांगले येतात. डिसेंबरात पुतणीच्या लग्नाला तेरा दिवस गावी गेले, तर ते तेरा दिवस एकही ठोकळा नापास नाही. परत आले आणि पुन्हा तेच सुरू. प्लांटच्या मालकानं, शेठनं, नवा माणूस बघूनच ठेवला होता. शनिवारी मी अहवाल द्यायचा आणि त्यावर आप्पांचं काय ते ठरणार होतं.

"मॅडम, माणूस चांगला आहे," नितीन म्हणाला. "पण आकडे आहेत ने."

आकडे आहेत म्हटल्यावर मी काय बोलणार? आयुष्यभर मी हेच शिकवत आले होते.

प्लांटवर पोचलो तेव्हा सात वाजत होते. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मी थबकले. अशा ठिकाणी पहिल्यांदा नाकात धूळ जाते. इथं आवार ओलं होतं, मातीचा गार वास होता आणि केबिनच्या पायरीशी चार ठिपक्यांची छोटी रांगोळी होती. सडा घातलेला होता. फाटकापासून केबिनपर्यंत आणि पुढे थेट रेतीच्या ढिगापर्यंत. सडा घालणारी बाई पाइप गुंडाळत होती. विमलबाई त्यांचं नाव. हिलाल आप्पांच्या पत्नी. आवार झाडायचं काम त्यांच्याकडे होतं. सांगलीत मी फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून बारा वर्षांत सडा घातलेला नाही. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं आणि ते मी त्यांना सांगितलं. त्या लाजल्या आणि म्हणाल्या, की सकाळी दारात पाणी पडलं नाही तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. रेतीच्या ढिगाला त्या रास म्हणत होत्या, खळ्यावरच्या धान्याच्या राशीला म्हणतात तसं. राशीवर पाणी शिंपडायचंच.

हे सगळं मी कौतुकानं ऐकलं. साडीचा काठ भरला तोही याच सकाळी.

मग केबिनमध्ये गेले. हिलाल आप्पा उभे राहिले, नमस्कार केला आणि पुन्हा बसले. त्यांच्यासमोर संगणक होता, पण त्यांचा डावा तळवा शेजारच्या पत्र्यावर टेकलेला होता. मी काही विचारलं की ते मान वाकडी करून उजवा कान पुढे करायचे. म्हणाले, पंचवीस वर्षं साच्यावर गेली, कान गेले. मला वाटलं ठोकळ्यांचे साचे, आणि लोखंडी साच्यानं माणसाचे कान कसे जातील, या विचारात मी पाच मिनिटं घालवली. शेवटी नितीननं सांगितलं, की इकडे मागाला साचा म्हणतात. सुरतेतल्याच उधन्याच्या यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचं तारुण्य गेलं होतं.

मी त्यांना सरळच विचारलं, की माल असा खालीवर का होतो?

त्यांनी खिडकीतून ढिगाकडे पाहिलं. "रेती वरवर वली शे, माय. पोटमा कोरडी शे."

एवढंच बोलले आणि संगणकाकडे वळले. वर ओली, आत कोरडी. मी वहीत लिहिलंसुद्धा नाही. रेती अशी, खडी तशी, पाणी खारं, सिमेंट शिळं, ही गाऱ्हाणी मी इतक्या तोंडून ऐकली होती की कान आपोआप बंद होत. बहिरेपणाचे प्रकार अनेक असतात.

मंगळवार

न्याहारीला नितीननं लोचो खाऊ घातला. बेसनाचा, वाफवलेला, वर तेल, शेव आणि कच्चा कांदा. खमण करायला गेलं, पीठ सैल झालं, वडी पडेना, म्हणून त्याच लगद्याला लोचो म्हणून विकला, अशी याची गोष्ट सांगतात. आपल्याकडे असं झालं की लोचा झाला म्हणतात आणि कढई पालथी घालतात. सुरतेनं त्याच्यावर शेव भुरभुरून दुकान थाटलं. खाताना मनात आलं, की हे स्वातंत्र्य काँक्रीटला नाही. स्लॅब सैल झाला म्हणून त्याला दुसरं नाव देऊन भागत नाही.

दिवसभर मी आप्पांच्या मागच्या खुर्चीवर बसून राहिले. इथं रेतीतल्या ओलीबद्दल थोडं सांगायला हवं. रेती कधीच पूर्ण कोरडी नसते. तिच्यात पाणी असतं, आणि ते जेवढं असेल तेवढं वरून घालायच्या पाण्यातून वजा करावं लागतं. म्हणून रोज सकाळी सात वाजता प्रयोगशाळेतली हेतल, एक हसतमुख डिप्लोमावाली मुलगी, ढिगातून मूठभर रेती आणते, वजन करते, गॅसवर कढईत रव्यासारखी खमंग भाजते आणि पुन्हा वजन करते. जेवढं वजन घटलं तेवढी ओल. तो आकडा संगणकात जातो आणि दिवसभर पाणी त्या हिशेबानं पडतं. त्या दिवशीचा आकडा आठ होता.

मिक्सरचे पहिले दोन घाणे बरे गेले. तिसऱ्या घाण्यापासून आप्पांचा तळवा पत्र्यावर अस्वस्थ झाला. मिक्सर जड चालला की पत्रा वेगळा थरथरतो म्हणे. त्यांनी एक कळ दाबली. संगणकाच्या हिशेबाबाहेरचं पाणी हातानं घालायची कळ ती. मग पुन्हा दाबली. दुपारपर्यंत मी अठ्ठावीस वेळा मोजली आणि प्रत्येक वेळी यंत्रानं कागदावर त्याची नोंद केली. मी विचारलं, तर म्हणाले, माल घट्ट येतो, बांधकामावरचे साहेब रागावतात म्हणून थोडंच घालतो. थोडंच म्हणजे किती, ते कशावर ठरतं, तर हातावर.

दुपारी ट्रकमागोमाग आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बांधकामावर गेलो. माल घट्टच होता. पंपवाला वैतागला, त्यानं पाइप उचलून पिंपात पाणी सोडलं. किती सोडलं ते त्यालाही माहीत नाही. पुढच्या ट्रकला त्याहून जास्त. आणि ठोकळे भरायचे ते यातूनच.

म्हणजे केबिनमध्ये एक हात आणि बांधकामावर दुसरा, आणि दोघांच्या मधे अंदाज. मला वाटलं, झालं, रोग सापडला.

बुधवारी मी मागच्या तीन महिन्यांचे कागद काढून बसले. आलेख काढायची मला खोड आहे. चौकटीच्या कागदावर प्रत्येक ठोकळ्याचा एक ठिपका. रविवारचे ठिपके एका ओळीत, शहाण्या मुलांसारखे. डिसेंबरातले तेरा दिवस तसेच. बाकी सगळे तांदूळ उधळल्यासारखे. ज्या दिवशी हातकळ जास्त दाबली, त्या दिवशी ठिपके जास्त विखुरलेले. याहून स्वच्छ पुरावा मी वर्गात कधी फळ्यावरसुद्धा मांडला नसेल. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर मी अहवालाचा मसुदा लिहिला. त्यात एक वाक्य असं होतं: पाण्याच्या प्रमाणात ऑपरेटरचा मनमानी हस्तक्षेप हे विचलनाचं मुख्य कारण दिसतं.

मनमानी हा शब्द लिहून मला बरं वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

गुरुवार

गुरुवारी प्लांटवर उतरले आणि पहिली शिंक आली. मग दुसरी. ट्रक वळला तसा धुळीचा लोट उठला आणि माझ्या तिसऱ्या साडीचा रंगच बदलला. मी कुरकुरत केबिनच्या पायरीशी आले, तिथं रांगोळी नव्हती. विमलबाई दिसल्या नाहीत. रेशनकार्डाला अंगठा उठत नाही म्हणून त्या शहरात गेल्या होत्या. राख-सिमेंट झाडून झाडून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत, यंत्र त्यांना ओळखत नाही, असं हेतलनं सांगितलं.

मी आपली माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. मसुदा पिशवीत होता. अहवाल पक्का करण्याआधी आणखी एक दिवस मोजणी करावी एवढ्याच हेतूनं मी वही उघडली, हातकळीचा रकाना आखला आणि वाट पाहत बसले.

दहा वाजले. रकाना कोराच. अकरा वाजले. आप्पांचा डावा तळवा पत्र्यावर असा टेकला होता, जसा झोपलेल्या नातवाच्या पाठीवर ठेवावा. मिक्सर एका सुरात चालला होता. दुपारपर्यंत त्यांनी ती कळ एकदाही दाबली नाही. बांधकामावर फोन केला तर पंपवाला म्हणाला, आज माल मस्त आहे, पाइप उचललाच नाही.

माणूस तोच होता. यंत्र तेच, सिमेंट तेच, ढीगही तोच. मला वाटलं, मी मागे बसलेय म्हणून सावध झाले असतील. पण मंगळवारीही मी मागेच बसले होते. मी हेतलकडे जाऊन ओलीची वही मागितली. आजचा आकडा तीन होता. बुधवारी आठ, मंगळवारी आठ, सोमवारी साडेसात. मागचे रविवार पाहिले. तीन, साडेतीन, तीन. डिसेंबरातले तेरा दिवस तीनच्या आसपास.

रविवारी रेती कोरडी का असते? मी तो प्रश्न मनातल्या मनात विचारला आणि त्याच वेळी पुन्हा शिंक आली. रुमाल काढताना मी आवाराकडे पाहिलं. धूळ, रांगोळी नसलेली पायरी, आणि कडेला गुंडाळून ठेवलेला पाइप. आप्पा रविवारी सुट्टीवर असतात तेव्हा विमलबाईही सुट्टीवर असतात. पुतणीच्या लग्नाला ते एकटे थोडेच गेले होते?

मी हेतलला विचारलं, की तू नमुना ढिगातून नेमका कुठून घेतेस?

"आगळथी, मॅडम," ती म्हणाली. पुढून. हात पोचतो तिथून.

पुढून म्हणजे जिथं साडेसहाला सडा पडलेला असतो तिथून. वरची चार बोटं रेती ओलीचिंब, तीच कढईत. संगणकाला वाटतं सगळा ढीग असाच ओला आहे, म्हणून तो पाणी कापतो. पहिल्या एकदोन घाण्यांत वरची ओली रेती जाते तोवर जमतं, मग आतली कोरडी रेती येते आणि माल घट्ट होतो. मग आप्पांचा हात, मग पंपवाल्याचा पाइप, आणि अठ्ठावीस दिवसांनी विखुरलेले ठिपके. जो माणूस चूक भरून काढत होता, त्याचंच बोट प्रत्येक चुकीच्या जागी सापडत होतं.

रेती वरवर वली शे, पोटमा कोरडी शे. सोमवारी सकाळी साडेसातला त्यांनी मला उत्तर सांगून टाकलं होतं. खोलीवर गेल्यावर मी मसुदा फाडला. फाडताना कुणी पाहत नव्हतं, तरी कान गरम झाले होते.

शुक्रवार, प्लांट आणि उधना

शुक्रवारी सकाळी साडेसहाला आम्ही हजर. विमलबाईंना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी नेहमीसारखा सडा घातला, राशीवर पाइप धरला, रांगोळी काढली. मग हेतलनं दोन नमुने घेतले, एक नेहमीच्या जागेचा आणि एक फावड्यानं हातभर खोल खणून. दोन कढया शेजारी शेजारी ठेवल्या. एकीतून वाफांचे लोट निघाले, दुसरी जरा चुरचुरून गप्प झाली. नितीननं दोन्ही आकडे स्वतः वहीत लिहिले. दिवसभर आम्ही आतल्या रेतीचा आकडा घातला आणि हातकळीचा रकाना कोरा राहिला. यातून भरलेले ठोकळे फुटायला अजून अवकाश होता, पण मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

नितीनची पंचाईत निराळीच होती. शेठना कारण नको होतं, नाव हवं होतं. आप्पांचं नाही तर मग हेतलचं का, की झाडणाऱ्या बाईचं? मी त्याला विचारलं, हेतलला नमुना घ्यायला कुणी शिकवलं? तो म्हणाला, मी. मी विचारलं, आणि तुला?

"तुम्ही, मॅडम," तो हळूच म्हणाला.

ते खरं होतं. आमच्या प्रयोगशाळेत रेती ताटात यायची, शिपायानं चाळून, कालवून ठेवलेली. वजन कसं करावं, आकडा किती दशांशांपर्यंत लिहावा, यावर मी पोरांचा जीव खाल्ला. ढीग मात्र एकतीस वर्षांत एकदाही दाखवला नाही. मी म्हटलं, नाव लागतच असेल तर माझं लिही. शेठ मला कामावरून काढू शकत नाहीत.

संध्याकाळी आप्पांनी जेवायला बोलावलं. उधन्याच्या त्या गल्लीत शिरलं की सुरत मागे पडते. मागांचा खडखडाट भिंतींमधून येत असतो आणि दारादारांतून अहिराणी ऐकू येते. दोन खोल्यांचं घर, लखलखीत. विमलबाईंनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं, वर कच्च्या तेलाची धार. आमच्याकडे भरतात दाण्याचं कूट पडतं, दही पडतं. इथं हिरवी मिरची आणि वांगं यांच्यामधे कुणी येत नाही. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि आप्पांची नात टाळ्या पिटून हसली.

जेवण झाल्यावर मी विमलबाईंना सांगितलं. शब्द जपून वापरायचे ठरवले होते, पण अशी गोष्ट जपून सांगता येत नाही. सडा, राशीचा वरचा थर, कढई, आकडा, आप्पांची कळ. त्या भाकरीच्या परातीवर हात ठेवून ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मना पानीथीन त्यासनी रोजी जात व्हती का, माय?"

मी म्हटलं, तुमच्या पाण्यानं नाही. पाणी कुठून मोजायचं ते आम्हाला कळत नव्हतं म्हणून. हे खरंच होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते घसरून गेलं. त्या भांडी घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

आप्पा सुपारी कातरत होते. मला एक गोष्ट दोन दिवस टोचत होती. ढीग वरून ओला आहे एवढं ज्याला कळतं, तो कशानं ओला होतो हे त्याला कळत नसेल? केबिनच्या खिडकीतून रोज साडेसहाला तो पाइप त्यांना दिसत होता. एकदा नितीनला सांगितलं असतं तर त्यांची नोकरी वाचली असती. फक्त सांगताना कुणाचं तरी नाव घ्यावं लागलं असतं. मी पुढे वाकून त्यांच्या उजव्या कानाशी, चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "आप्पा, तुम्हाला माहीत होतं ना?"

त्यांनी मान वाकडी केली, हात कानामागे नेला आणि माझ्याकडे पाहून हसले.

"आयकू नही येस, माय," ते म्हणाले आणि सुपारीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

शनिवार

गाडी दहाची होती. तरी मी नितीनला सकाळी सातला प्लांटवर न्यायला लावलं. अहवाल त्याच्या हातात होता, दीड पानाचा. नमुना ढिगाच्या आतून, तीन ठिकाणचा, कालवून घ्यावा. आवारात पाणी त्यानंतर मारावं, राशीवर मारू नये. तोवर हातकळीच्या नोंदींवरून ऑपरेटरला दोष देऊ नये. शेवटच्या ओळीत, ही पद्धत शिकवण्यात माझी कसूर झाली आहे, असं लिहून खाली सही केली होती. नितीननं गाडीत दोनदा वाचला आणि म्हणाला, हे शेठला मीच समजावीन. त्या वाक्याच्या शेवटी "बराबर ने" नव्हतं.

आवार कोरडं होतं. विमलबाई बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या, खराटा मांडीवर. सडा घातला नव्हता, रांगोळी नव्हती. हेतल फावडं घेऊन ढिगाकडे गेली, तीन ठिकाणी खणलं, रेती घमेल्यात कालवली आणि आत नेली. कढई गॅसवर चढल्याचा आवाज आला. विमलबाई तरी उठल्या नाहीत. मी जवळ जाऊन म्हटलं, झालं की आता, टाका सडा. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. बारीक आवाजात म्हणाल्या, की मंग नहीच टाकाव का आते, परत काही व्हई जाई. पुन्हा काही झालं तर.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं आणि आप्पा जिना उतरून खाली आले. मिक्सर सुरू असताना ते कधी केबिन सोडत नाहीत, हेतल आतून बघायला आली ती त्यामुळेच. त्यांनी भिंतीवरचा पाइप सोडवला, तोटी फिरवली, पाणी येऊ दिलं आणि पाइप बायकोच्या हातात दिला. विमलबाईंनी पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला, तोच, ज्याच्यावर रेषा नाहीत, आणि फाटकापासून सुरुवात केली. राशीपाशी आल्या तशा चार हात अलीकडेच थांबल्या. मातीचा वास सुटला. मी साडी वर उचलून बाजूला झाले.

आप्पा परत जिना चढू लागले. वर मिक्सर गरगरत होता, आता लोडरही खडी ओतायला लागला होता, नितीन माझ्याशी काही बोलत होता ते हातभर अंतरावरून मला कळत नव्हतं. विमलबाईंनी पाइप खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि आवाज न चढवता, आपण घरात बोलतो तशा म्हणाल्या, मला ते ओठांवरूनच कळलं, "आयकतस का, चहा ली जा."

चौथ्या पायरीवर आप्पा थांबले आणि वळले.